टबातलं लोह आणि भाऊंचं, अनुक्रमे

बाईंनी बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही मागितली म्हणण्यापेक्षा तोंडातून निसटली होती. त्या दिवशी शाळेतून आल्या, चपला काढल्या, टाचा दाबत खुर्चीत बसल्या आणि समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "एकदा गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायचंय. आणि कुणी हाक मारायची नाही."

एवढं बोलून त्या उठल्या आणि कणीक मळायला गेल्या. त्या विसरल्याही असतील, पण भाऊंनी ते वाक्य मनात नोंदवून ठेवलं. नोंदवणं हा त्यांचा धंदाच होता.

भाऊ एका मोठ्या कचेरीत बारनिशीला होते. बारनिशी म्हणजे आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक कागदाला नंबर देऊन वहीत चढवायचं खातं. एकतीस वर्षं त्यांनी आवक आणि जावक यांच्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. म्हणून लोक त्यांना बारनिशीभाऊ म्हणू लागले, आणि पुढे कंटाळून नुसते भाऊ. आता बारनिशीचा एक अलिखित नियम असतो: कागद वाचायचा नाही. शेवटची ओळ पाहायची, नंबर टाकायचा, 'नोंद घेतली' असा शिक्का मारायचा आणि कागद पुढे ढकलायचा. वाचत बसणारा कारकून बारनिशीत टिकत नाही. भाऊ टिकले होते. घरीसुद्धा त्यांची एक आवक-जावक वही होती, त्यात लग्नपत्रिकांपासून गॅसच्या पावतीपर्यंत सगळं चढवलेलं असे. वहीतला शेवटचा रकाना 'शेरा'. तो बहुधा कोराच राही, कारण शेरा मारायला कागद वाचावा लागतो.

भाऊंची दुसरी ओळख म्हणजे दमणं. ते सकाळी उठायचे तेच दमलेले. दात घासून दमायचे, बसस्टॉपवर उभं राहून दमायचे, रविवारी विश्रांती घेऊन तर फारच दमायचे. लोकांना तो त्यांचा स्वभाव वाटे. त्यांनाही तसंच वाटे.

शनिवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, बाई शाळेतून निवृत्त होणार होत्या. बत्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या टाचा आता घरी येणार होत्या. भाऊंनी ठरवलं की या वेळी बायकोला हवं ते द्यायचं, आणि धड द्यायचं. 'धड' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण भाऊंनी आजवर दिलेल्या वस्तूंचा इतिहास फारसा चांगला नव्हता. त्यांनी आणलेला टेबलफॅन समोर वारा सोडून बाकी सगळीकडे वारा द्यायचा. एकदा सेलमधून चपला आणल्या, त्या दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या. "घरात घालायला चालतील," बाई म्हणाल्या आणि वर्षभर दोन डाव्या चपला घालून फिरल्या. भाऊंना तो 'चालतील' फार लागला होता. बायकोने आयुष्यभर आपलं चालवून घेतलं, आता निदान एक गोष्ट तरी अशी हवी की जी चालवून घ्यावी लागणार नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

गावातली एक व्यायामशाळा बंद पडत होती, तिथला गरम पाण्याचा टब विकायला होता. बसायला आत पायरी, बुडबुडे सोडणारा पंप, पाणी तापवायची सोय, बाराशे लिटर. शनिवारला सहा दिवस उरले असताना टबवाला तो घेऊन आला आणि मागच्या अडगळीच्या खोलीत बसवून गेला. जाताना त्याने पांढऱ्या पावडरचा डबा हातात दिला. बोअरचं पाणी भरा, तापवा, आणि बसायच्या तासभर आधी दोन चमचे पावडर टाका म्हणजे जंतू मरतात, एवढंच त्याने सांगितलं. टबाची पाणी सोडायची तोटी जरा बेढब दिसत होती, म्हणून भाऊंनी ती बाजू भिंतीकडे करून घेतली. (हा निर्णय भाऊंचा एकट्याचा.)

रविवारी बाई मैत्रिणीकडे गेल्याची संधी साधून भाऊंनी टब भरला. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. त्यांनी दोन चमचे पावडर टाकली, आणि पाणी आधी पिवळं, मग तांबूस झालं. अर्ध्या तासात बाराशे लिटर चहा तयार झाला. बाई आल्या, त्यांनी दारातून आत पाहिलं, आणि कोरा पेपर देऊन गेलेल्या मुलाकडे पाहावं तसं भाऊंकडे पाहिलं.

शेजारी एक निवृत्त फोरमन राहत. उभा जन्म कारखान्यात गेलेला, त्यामुळे जगातल्या कुठल्याही बिघाडावर त्यांचं मत तयार असे. त्यांनी टबात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि सांगितलं की हे लोह आहे. बोअरच्या पाण्यात ते विरघळलेलं असतं, दिसत नाही. पावडर पडली की ते गंजतं आणि रंग येतो. हे अगदी बरोबर होतं. फोरमनसाहेबांनी इथेच थांबायला हवं होतं.

"लोखंडच ना ते?" ते म्हणाले. "मग लोहचुंबकाला ओढू दे की."

आणि त्यांनी घरून विटेएवढा लोहचुंबक आणून दिला. भाऊंनी तो सुतळीला बांधून सोमवारी दिवसभर टबात सोडला आणि ऑफिसात गेले. संध्याकाळी ओढून काढला आणि अडगळीतून फरफटत बाहेर आणला. त्याला दोन वर्षांपूर्वी हरवलेली बाईंची केसांची पिन, एक टाचणी आणि टबाचाच एक स्क्रू चिकटला होता. पाणी होतं तसंच होतं. उलट चुंबकालाच गंज चढायला सुरुवात झाली होती.

पाणी बदलायचं तर तोटी भिंतीला चिकटलेली. भाऊंनी बादलीने उपसायला घेतलं. बाराशे लिटर म्हणजे ऐंशी बादल्या. वीस बादल्यांना त्यांना दम लागला, चाळिसाव्या बादलीला डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि साठाव्या बादलीला ते तिच्यातच पाय घालून बसले. उरलेल्या वीस बादल्या बाईंनी उपसल्या. टाचा दुखत असताना उपसल्या, हे भाऊंनी पाहिलं, आणि त्यांना स्वतःची शरम वाटली. बाईंनी त्यांचा ओठ खाली ओढून पाहिला. आत पांढरा फटक होता. "उद्या रक्त तपासून या," त्या म्हणाल्या. हा विनंतीचा सूर नव्हता.

मंगळवारी भाऊ लॅबमध्ये गेले. तिथे खाली रक्त तपासत आणि वरच्या मजल्यावर पाणी. टबात नवीन पाणी भरून भाऊंनी चुंबक रात्रभर त्यातही सोडून ठेवला होता, त्या पाण्याची बाटली त्यांनी बरोबर घेतलीच होती. सोबत रीतसर पत्रही जोडलं: 'दोन नमुने सादर. (१) टबातील पाणी. (२) माझे रक्त. कृपया अहवाल मिळावेत.' घरच्या वहीत जावक नंबर टाकला आणि मगच झोपले.

गुरुवारी एकाच पाकिटात दोन अहवाल आले. खालच्या मजल्याचा वर, वरच्या मजल्याचा खाली, असे टाचलेले. भाऊंनी पाकीट उघडलं, सवयीने दोन्ही कागदांच्या शेवटच्या ओळी पाहिल्या आणि वहीत चढवल्या. पत्रात पाणी आधी आणि रक्त नंतर लिहिलं होतं, तेव्हा अहवालही अनुक्रमे असणार, यात त्यांना शंका वाटली नाही. 'अनुक्रमे' या शब्दावर त्यांची एकतीस वर्षांची नोकरी उभी होती. त्यामुळे वहीत नोंद अशी झाली: क्रमांक एक, टबातील पाणी: लोह प्रमाणापेक्षा कमी. क्रमांक दोन, माझे रक्त: लोह प्रमाणापेक्षा बरेच जास्त, गाळल्याशिवाय वापर टाळावा.

पहिली ओळ वाचून भाऊंचा चेहरा उजळला. चुंबकाने काम केलं होतं तर. दुसरी ओळ वाचून ते खाली बसले. थोड्या वेळाने उठून त्यांनी दुसऱ्या कागदावरच्या नंबरला फोन लावला. फोन उचलणारा वरच्या मजल्यावरचा, पाणी तपासणारा होता. तो कोण हे भाऊंनी विचारलं नाही, आणि भाऊ कशाबद्दल बोलताहेत याबद्दल त्याला शंका यायचं कारण नव्हतं.

"क्रमांक दोनबद्दल विचारायचं होतं," भाऊ म्हणाले. "लोह जास्त आलंय म्हणे."

"बरंच जास्त आहे. किती दिवसांचं आहे?"

"दिवसांचं कसं, सत्तावन्न वर्षांचं आहे."

"सत्तावन्न वर्षांत एकदाही बदललं नाही?"

"बदलता येतं का?"

"म्हणजे काय, सगळे बदलतात. निम्मं काढायचं, निम्मं नवीन भरायचं. एकूण किती लिटर?"

भाऊंनी शाळेत शिकलेलं आठवून पाहिलं. "पाच असावं."

"पाचच लिटर? मग कशाला जिवाला घोर लावून घेता? मोरीत ओतून मोकळे व्हा."

भाऊ भिंतीला टेकले. आहे तेच वाचवायचं असेल तर काही उपाय आहे का, असं त्यांनी बारीक आवाजात विचारलं. तिकडचा माणूस भला होता. त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. गाळायची घाई करायची नाही. आधी पावडर द्यायची. रंग पालटेल, त्याला घाबरायचं नाही, तो पालटायलाच हवा. विरघळलेलं लोह गाळता येत नाही, गंजलं की येतं. मग पंप चालू ठेवून कापसाच्या जाड थरातून पुन्हा पुन्हा गाळायचं.

"पंप कसा आहे?" त्याने विचारलं.

"जुनाच आहे. जिना चढलो की धडधडतो."

"वर चढवताना धडधडणारच. हवा धरली असेल, हवा काढून टाका. पंप मात्र बंद पडू देऊ नका. आणि एवढं करूनही पिण्यासाठी वापरू नका, झाडांना घाला."

भाऊंनी हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि आभार मानले.

त्यानंतरचे दोन दिवस भाऊ गप्प होते. बाईंनी पालकाची भाजी केली, ती त्यांनी ताटातून सारून ठेवली; खजूर पुढे केला, त्याला हात लावला नाही. लोहाचा कणही आता नको होता. भीती वाटत होती, पण तीही बेताचीच, कारण भीती वाटायलासुद्धा अंगात ताकद लागते. सांगायचं ते शनिवारनंतर सांगू, असं त्यांनी ठरवलं. आधी तिला एकदा गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसलेलं पाहू, मग आपलं काय व्हायचं ते होवो. शुक्रवारी त्यांनी फोरमनसाहेबांचा चुंबक साफ करून, आभाराच्या चिठ्ठीसह परत केला. चुंबकाने पाण्यातलं लोह ओढल्याची बातमी फोरमनसाहेबांनी त्याच दिवशी गल्लीभर केली.

शनिवारी भाऊ अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. टब तापत ठेवला. खोली झाडली, कोरा पांढरा टॉवेल घडी करून स्टुलावर ठेवला. पाणी इतकं नितळ होतं की तळाची पायरी मोजता येत होती. भाऊ कडेला उभे राहून त्याकडे बघत होते आणि त्यांना कितीतरी वर्षांनी स्वतःबद्दल बरं वाटलं. बाई यायला तासभर उरला, तेव्हा त्यांनी टबवाल्याच्या सांगण्याप्रमाणे दोन चमचे पावडर टाकली.

पाणी पिवळं झालं, आणि मग तांबूस.

बाई हातात फुलांचा गुच्छ घेऊन आत आल्या, तेव्हा भाऊ बाराशे लिटर चहाशेजारी जमिनीवर बसले होते. आपण रडत नाही आहोत असं त्यांना वाटत होतं. बाईंनी गुच्छ टॉवेलवर ठेवला आणि काय झालं ते विचारलं. मग भाऊंनी आवक क्रमांकासह सगळं सांगून टाकलं. पाण्यातलं लोह कमी झालं होतं, कागद आहे, तरी रंग आला. आणि त्यांच्या स्वतःच्या रक्तात लोह फार झालंय, ते मोरीत ओतायला सांगितलंय, नाहीतर कापसातून गाळायला.

बाईंनी हात पुढे केला. मग म्हणाल्या, "कागद कुठायत?"

भाऊंनी वही आणली, कागद आत टाचलेलेच होते. बाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. घरात ही गोष्ट बहुधा पहिल्यांदाच घडत होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "या वरच्या कागदावर तुमचं नाव आहे. वय सत्तावन्न, पुरुष. लोह कमी."

"कमी?"

"आणि खालच्यावर लिहिलंय, नमुना बोअरचं पाणी. चव तुरट, वास नाही. हे तुम्ही आहात असं तुम्हाला वाटलं?"

"मी अनुक्रमे धरलं," भाऊ म्हणाले.

बाई टबाच्या कडेवर बसल्या आणि हसायला लागल्या. बत्तीस वर्षं 'आधी प्रश्न शेवटपर्यंत वाचा' हेच मुलांना शिकवून आज त्या घरी आल्या होत्या, आणि घरी हा विद्यार्थी बसला होता. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. तो शाळेचा शेवटचा दिवस होता, तेव्हा ते कशामुळे भरले हे सांगणं अवघड आहे.

"दोन दिवस तुम्ही बोलत नव्हता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मी आता दिवसभर घरात असणार, म्हणून तोंड पाडलंय."

"नाही गं," भाऊ म्हणाले. "तुझ्यासाठी एक गोष्ट धड करायची होती. तीही झाली नाही."

बाईंनी पाण्यात हात घातला. कोपरापर्यंत घातला आणि तिथेच राहू दिला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या.

"पण गढूळ आहे."

"माझ्या टाचांना डोळे नाहीत. त्या गुच्छाखालचा टॉवेल इकडे द्या आणि दार लावून घ्या. आणि..."

"कुणी हाक मारायची नाही," भाऊ म्हणाले.

त्यांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसले. आतून पाण्याचा आवाज आला, पंप धडधडला (हवा धरली असावी), आणि मग बाईंनी असा एक सुस्कारा सोडला की तो बत्तीस वर्षांपूर्वीच निघाला असावा आणि आत्ता कुठे पोचला असावा, असं भाऊंना वाटलं. त्यांनी पहारा चोख दिला. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी भेटायला आल्या, त्यांना उद्या यायला सांगितलं. लेकीचा फोन आला, तिला थांबवलं. फोरमनसाहेब चुंबकाचा विजय पाहायला आले, त्यांना फाटकातूनच परत लावलं. दरम्यान भाऊंना स्वतःला चहा करून प्यावासा वाटला. साखर सापडेना. तीन वेळा हाक अगदी ओठांवर आली आणि तिन्ही वेळा त्यांनी ती गिळली. शेवटी ते बिनसाखरेचा चहा प्यायले. त्या दिवशी संसारात आपण काही मिळवलं असेल तर हेच, असं त्यांना अजूनही वाटतं.

दीड तासाने बाई बाहेर आल्या. टॉवेल विटकरी झाला होता, बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या आणि चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता. त्यांनी नेमक्या फडताळातून साखरेचा डबा काढून भाऊंच्या पुढ्यात ठेवला, आणि ताटात पालक वाढला.

रविवारी भाऊंनी फोनवर लिहून घेतलेल्या सूचना काढल्या आणि या वेळी त्या योग्य पेशंटवर वापरल्या. रंग आलाच होता. कापसाचा जाड थर हवा होता, म्हणून स्वतःची उशी फाडली, तिच्यातला कापूस एका पिशवीत ठासून पिशवी नळीच्या तोंडाला बांधली आणि पंप चालू केला. दुपारपर्यंत उशी विटकरी झाली आणि पाणी नितळ. तळाची पायरी पुन्हा मोजता येऊ लागली. भाऊ टबाच्या कडेला धापा टाकत, पण खुशीत उभे होते. बाईंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं, सकाळीच डॉक्टरांना कागद दाखवून आणलेली लोहाची गोळी तोंडात घातली आणि वर पाणी पाजलं. टबातलं नव्हे, साधं.

त्यानंतर बाईंनी आवक-जावक वही मागवली. लाल पेन काढलं, गुरुवारच्या नोंदी खोडून दुरुस्त केल्या आणि कोऱ्या शेऱ्याच्या रकान्यात, शाळेतल्या वळणदार अक्षरात, दोन ओळी लिहिल्या.

क्रमांक एक, टबातील पाणी: गढूळ, पण उबदार. आयुष्यभर चालेल. लोह काढावे.

क्रमांक दोन, भाऊ: वरीलप्रमाणे. मात्र लोह घालावे.

मग वही मिटून त्यांनी ती भाऊंच्या टेबलावर ठेवली, आणि ते कधी वाचतात याची वाट बघत बसल्या. सोमवारी सकाळी भाऊंनी ऑफिसला जाण्यापूर्वी वही उघडली, पान उलटलं, तारीख टाकली आणि दोन्ही ओळींवर, न वाचता, 'नोंद घेतली' असा शिक्का मारला.